1970 शेव्हेल, क्वार्टर माइल 15.38: गाडीत खोट आहे की माझ्या अपेक्षेत?

शेव्हेल_सत्तर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार वर्षांपासून 1970 ची शेव्हरोले शेव्हेल एसएस 396 आहे. 350 हॉर्सपॉवरवालं इंजिन, टर्बो 400 ऑटोमॅटिक, मागे डिफरन्शियलला 3.31 चे गिअर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 3.31 फेऱ्या). आधीच्या मालकाने इंजिन उघडून नव्याने बांधून घेतलंय, गालिचा-सीट नवीन केलेत, बाकी जवळपास मूळचंच. 14 इंची चाकं, टायर अगदी नव्यासारखे. रविवारी फिरायला, अधूनमधून ऑफिसला, उन्हाळ्यात कार शोला. रस्त्यावर अशी खेचते की बायको दाराचं हँडल सोडत नाही.

गेल्या शनिवारी पहिल्यांदाच मेपल ग्रोव्हच्या ड्रॅग ट्रॅकवर टेस्ट अँड ट्यूनला (आपली गाडी नेऊन वेळ मोजून घ्यायचा दिवस) गेलो. न्यू जर्सीहून शंभरेक मैल गाडी चालवतच नेली. जुन्या मासिकांत शेव्हेल क्वार्टर माइल, म्हणजे पाव मैल, 13.4 सेकंदांत गेल्याचं वाचलेलं, त्यामुळे मनात म्हटलं, आपण नवखे, तर 13.9 धरू. पाच रन केले. त्यातली सगळ्यात बरी स्लिप ही:

रिॲक्शन 0.912
60 फूट 2.524
अर्धा ट्रॅक (660 फूट) 10.01, ताशी 74.1 मैल
क्वार्टर माइल 15.38, ताशी 93.5 मैल

बाजूच्या लेनमध्ये टोयोटा कॅमरी व्ही6 होती. मागच्या काचेतून लहान मुलाची सीट दिसत होती. ती मला सहज मागे टाकून गेली. परत येताना रांगेतल्या एकाने अंगठा वर करून "नाइस कार" म्हटलं, ते जास्त लागलं.

आता विचारायचं ते असं: इंजिन नीट बांधलेलं नाही का? हिरवा दिवा लागल्यावर मी घाबरून उशिरा सुटलो, त्यात किती वेळ गेला असेल? आणि गाडी रस्त्यावरचीच ठेवून, म्हणजे घरून चालवत नेऊन चालवत परत आणायची असेल, तर किती सेकंदांची आशा धरणं शहाणपणाचं?

---

कटलास_काका

आधी अभिनंदन. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि स्वतःच्या चाकांवर परत आली. माझी पहिल्या खेपेला टो ट्रकवर आली होती. वयाने मोठा असणार, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

रिॲक्शनची भानगड आधी मिटवू. तुझं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होतच नाही. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या स्टेजच्या किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. दिवा लागल्यावर तू तिथे उभं राहून चहा प्यायलास तरी 15.38 चे 15.38 च राहतील. शर्यत हराल, वेळ बिघडणार नाही. त्यामुळे 0.912 विसर.

आता स्लिपवरचे दोन आकडे बघ: 60 फूट आणि शेवटचा वेग. लोक नेमकं सेकंदांकडे बघतात आणि हे दोन सोडून देतात. शेवटचा वेग इंजिनची ताकद सांगतो, 60 फूट सांगतं की ती ताकद जमिनीला लागली की नाही. टायर सुरुवातीला थोडे घसरले तर वेळ पार बिघडते, पण शेवटचा वेग फारसा पडत नाही.

ट्रॅकवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक ठोकताळा आहे. वेगाला 234 ने भाग, आलेल्या आकड्याचा घन कर, आणि ड्रायव्हरसकट गाडीच्या पौंडांतल्या वजनाने गुण. तुझी शेव्हेल, तू आणि अर्धी टाकी पेट्रोल मिळून 4,000 पौंड धरतो. ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा वजन कर, अंदाजावर राहू नकोस. 93.5 वरून उत्तर येतं 255 च्या आसपास. म्हणजे 255 घोडे खरोखर काम करतायत.

"पण कागदावर 350 आहेत!" हे तू म्हणणारच. ते 350 ग्रॉस आहेत. त्या काळी इंजिन बाकावर ठेवून, एअर क्लीनर नाही, पट्ट्यांवर चालणारी उपकरणं नाहीत, सायलेन्सर नाहीत, अशा थाटात मोजायचे. 1972 पासून गाडीत बसवलेल्या अवस्थेतलं नेट मोजमाप आलं. 1971 ला जीएमने दोन्ही आकडे दिले होते, त्यामुळे तुलना हातात आहे: शेव्हेलचंच 454 घनइंची इंजिन, ग्रॉस 365, नेट 285. त्याच हिशेबाने तुझे 350 होतात 270 च्या जरा वर. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 255 देतेय. बांधणाऱ्याला शिव्या देऊ नकोस, त्याने काम चोख केलंय.

याच ठोकताळ्याची दुसरी बाजू अशी: वजनाला घोड्यांनी भाग, घनमूळ काढ, 5.825 ने गुण. 4,000 आणि 255 टाकले की येतात 14.6 सेकंद. तुझी गाडी आजच्या आज, एकही सुटा भाग न बदलता, 14.6 ची आहे. वरचे पाऊण सेकंद तू पहिल्या 60 फुटांत सांडतोयस.

2.5 चं 60 फूट म्हणजे टायर फिरतायत आणि गाडी विचार करतेय. रस्त्यावरच्या टायरवर अशी गाडी 2.1 ते 2.2 करायला हवी. सुरुवातीला वाचवलेला एक दशांश शेवटी दीड ते दोन दशांश होऊन परत येतो. 2.5 वरून 2.1 वर आलास की हिशेब आपोआप जुळतो.

ते कसं करायचं? लोखंडी बिग ब्लॉक, म्हणजे थोरलं व्ही8 इंजिन, नाकावर बसलेलं, मागचा भाग हलका, टायर अरुंद. अशा गाडीला ब्रेकवर धरून इंजिन चढवणं म्हणजे टायरला घसरायचं आमंत्रण. आयडलच्या जरा वर, हजार-बाराशेवर सोड. पेडल लाथ मारल्यासारखं दाबू नकोस, लिंबू पिळतोस तसं दाबत जा. एखादी गाडीलांबी गेल्यावर पूर्ण जमिनीला. मागच्या टायरची हवा 28 पाउंडांवर आण, त्याखाली रेडियलला उतरवू नकोस, आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भर. रेषेआधी टायर फिरवून तापवायला पाणी ओतलेलं असतं, त्या वॉटर बॉक्समध्ये जाऊ नकोस, बाजूने वळसा घाल. स्लिकवाले, म्हणजे बिननक्षीच्या टायरवाले, जातात ते ठीक, तुझ्या टायरला नक्षी आहे. ती पाणी उचलून रेषेपर्यंत नेते, चाकाच्या कमानीतून वर ठिबकत राहतं, आणि तू ओल्यावरच सुटतोस. कोरड्यावर एकदा किंचित फिरवून खडे झटकले की पुरे.

दुसरं, गिअर हाताने बदल. ड्राइव्हमध्ये टाकून पाय दाबलास तर टर्बो 400 आपल्या मर्जीने, बहुधा लवकर, बदलते. तुझ्या इंजिनची ताकद 5,200 वर शिखराला जाते. 5,400 पर्यंत ने आणि मग बदल.

आणि आता खरी गंमत. माझी 1972 ची कटलास, 350 घनइंची इंजिन, 180 हॉर्सपॉवर नेट. 2006 मध्ये इंग्लिशटाऊनला (तो ट्रॅक 2018 च्या सुरुवातीला ड्रॅग रेसिंगला बंद झाला, अजून त्या बाजूने गेलो की मान वळते) मी 17.08 ला गेलो, ताशी 80.4 मैल. कार्ब्युरेटर उघडला, जेट बदलले, टायमिंग हलवलं, प्लग बदलले. पूर्ण उन्हाळा गेला. शेवटी मुलाला आत बसवलं, इंजिन बंद ठेवून म्हटलं, दाब पेडल जमिनीपर्यंत. मी वरून टॉर्च मारून क्वाड्राजेट कार्ब्युरेटरमध्ये बघतोय तर मागच्या दोन मोठ्या झडपा अर्ध्यावर येऊन थांबलेल्या. मुलगा म्हणतो, "बाबा, पूर्ण दाबलंय." खाली वाकून बघितलं. मीच हौसेने नवा गालिचा घातला होता, खाली तागाचं जाड अस्तर. पेडल त्या अस्तरावर टेकत होतं. कात्रीने तेवढा चौकोन कापला आणि पुढच्या वेळी 16.5, ताशी 84. खर्च शून्य.

तुझ्या गाडीतही गालिचा नवीन आहे असं लिहिलंयस. मग हे आधी बघ. शिवाय क्वाड्राजेटमध्ये चोक पूर्ण उघडल्याशिवाय सेकंडरी, म्हणजे त्या मागच्या दोन मोठ्या झडपा, अडवून धरणारा छोटा खटका असतो, तो अडकत नाही ना तेही बघ. हवेच्या वरच्या झडपा बोटाने हलवून फसू नकोस, त्या वेगळ्या. खालच्या उभ्या व्हायला हव्यात.

आता मासिकांची गोष्ट. 13.4 ची जी शेव्हेल तू वाचलीस ती एलएस6, म्हणजे 454 चं इंजिन, 450 हॉर्सपॉवर ग्रॉस. ती तुझी चुलत बहीण आहे, तू तिच्या मार्कांवर स्वतःची मार्कशीट लावतोयस. शिवाय चाचणीला कंपनीकडून आलेली गाडी आणि शोरूममधली गाडी एकच असेल असं नाही. 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओची गाजलेली चाचणी झाली, त्या गाडीत 389 च्या जागी 421 चं इंजिन होतं, हे पुढे कित्येक वर्षांनी कबूल केलं गेलं. उलट काही कंपन्या आकडा कमीही छापायच्या. ब्युइक जीएस 455 स्टेज 1 ला कागदावर 360, पण 1970 च्या मोटर ट्रेंडच्या चाचणीत 13.38, ताशी 105.5. एवढा वेग छापील 360 ग्रॉसमधून येत नाही. हिशेब करून बघ.

तेव्हा माझं उत्तर: याच वर्षी 14.8, हात बसल्यावर 14.6. 13.9 साठी पैसे लागतील, आणि रविवारची गाडी थोडी कमी रविवारची होईल.

---

चार_दहा

काकांचा आदर आहे, पण काका नेहमी लिंबू पिळायला लावतात. मूळ दुखणं 3.31 चं आहे. त्याच्या टायरचा व्यास 25 इंचांच्या आसपास असेल, तर 93 मैलांच्या वेगाला इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये 4,150 च्या जवळपास, ऑटोमॅटिकच्या कन्व्हर्टरची घसरण धरली तर थोडं वर. 5,200 ला शिखर असलेलं इंजिन शिखर न बघताच रेषा ओलांडतंय. 4.10 टाका, तिथे 5,100 येतील. मी माझ्या नोव्हाला टाकले आणि सहा दशांश गेले. फिरवत बसण्यापेक्षा एकदाच रिंग आणि पिनियन बदला.

---

कटलास_काका

चार_दहा, नोव्हाला तू 4.10 टाकलेस तेव्हा सोबत ड्रॅग रेडियलही (जास्त पकडीचे टायर) घातले होतेस, ते सांगायचं राहिलं वाटतं. आणि नोव्हा ट्रेलरवरून नेतोस.

तुझा शेवटच्या आर्‌पीएमचा मुद्दा मात्र खरा आहे, मान्य. पण ज्याचे टायर 3.31 वर फिरतायत त्याला 4.10 दिले तर ते आणखी जोरात फिरतील. आधी पकड, मग गिअर. शिवाय हा बाबा शंभर मैल चालवत येतो. 65 च्या वेगाला आत्ता इंजिन 2,900 वर असेल, 4.10 वर 3,600. दोन तास तो घोंघाट, पेट्रोल वेगळं. बायकोने दाराचं हँडल सोडून थेट दारच उघडलं तर? अगदीच राहवत नसेल तर 3.73. तेही पुढच्या वर्षी.

---

डोंगरावरची

मी डेन्व्हरची. आमचा ट्रॅक, बँडिमेअर, समुद्रसपाटीपासून साधारण 5,800 फुटांवर होता, 2023 चा सीझन शेवटचा. माझी 1967 ची मस्टँग तिथे 16 च्या पुढे जायची, आणि तीच गाडी, तेच टायर, कॅन्ससमध्ये एक सेकंद लवकर. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटलं टायमर बिघडलाय. हवा पातळ तर इंजिन उपाशी, एवढंच. म्हणून "अमक्याची शेव्हेल इतक्याला गेली" ऐकलं की आधी विचारायचं, कुठे आणि कुठल्या महिन्यात. तुम्ही जुलैच्या दमट दुपारी गेला असाल तर ऑक्टोबरच्या थंड संध्याकाळी हीच गाडी एक-दोन दशांश फुकट देईल. प्रत्येक स्लिपच्या मागे तापमान आणि टायरची हवा पेनने लिहून ठेवा. माझ्या स्लिपा बुटांच्या खोक्यात आहेत आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त कामाची आहे.

काकांनी एक गोष्ट सोडली. 13.99 किंवा त्याहून लवकर गेलात की एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या नियमाने हेल्मेट लागतं. तुम्ही 14.6 चं ठरवलंत तरी हेल्मेट आत्ताच घ्या, शंभरच्या जवळचा वेग आहे आणि गाडीत कंबरेचा पट्टा 1970 चा. गाडी उघड्या टपाची असती तर 13.49 पासून रोल बार मागितला असता. तपासणीत बॅटरी हलते का, थ्रॉटलला परतीची स्प्रिंग आहे का, रेडिएटरचं पाणी धरायला बाटली आहे का, हे बघतात. व्हील कव्हर असतील तर ती घरीच काढून ठेवा. माझं एक रेषेच्या पुढे सुटून गवतात गेलं, सगळ्यांसमोर ट्रॅक थांबवून आणायला लागलं.

आणि इन्शुरन्सचा कागद वाचा. क्लासिक गाड्यांच्या बहुतेक पॉलिसीत वेळ मोजून केलेली शर्यत वगळलेली असते. एजंटला फोन करण्याआधी स्वतः वाचा, मग विचारा.

हो, कॅमरीचं वाईट वाटून घेऊ नका. तिच्याकडे तीनशे नेट आहेत, वजन तुमच्यापेक्षा कमी आणि गिअर आठ. मला एकदा मिनीव्हॅनने हरवलंय. आता मी ब्रॅकेटमध्ये उतरते. आपली वेळ आपण काचेवर लिहायची, हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, आणि लिहिलेल्यापेक्षा लवकर गेलात तर बाद. तिथे 15.2 ची गाडी दर वेळी 15.2 च जात असेल तर 11 सेकंदवाले घाबरतात. तिथे मात्र तुमचा तो 0.912 चा रिॲक्शन टाइम चालणार नाही.

---

शेव्हेल_सत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर गॅरेजमध्ये गेलो. बायकोला पेडलवर बसवलं, मी टॉर्च घेऊन वर. गालिचा निर्दोष निघाला काका, पेडल लोखंडाला टेकतंय. पण चोकजवळचा तो खटका! इंजिन तापलेलं असूनही पूर्ण बाजूला होत नव्हता. काळं चिकट काहीतरी साचलेलं. कार्ब क्लीनर मारला, बोटाने चार-पाचदा हलवला, आता टक्‌ करून सुटतो. सेकंडरी उघडताना पहिल्यांदाच बघितल्या, केवढी मोठी भोकं आहेत ती! म्हणजे 93.5 हा अर्ध्या नाकाने श्वास घेऊन आलेला आकडा होता का? की त्या दिवशी उघडत होत्या? पाच रनमध्ये एकदा 90.8 आलं होतं, ते आता आठवलं. बहुतेक कधी सुटत असेल, कधी नाही.

वजनही केलं: माझ्यासकट 3,960. ताईंचं ऐकून स्लिपांच्या मागे आठवेल तसं लिहिलं. एकीच्या मागे फक्त "घाम" एवढंच लिहिता आलं.

टायरची हवा 28 करायला वाकलो तेव्हा बाजूवर कोरलेला आकडा दिसला. डीओटीच्या ओळीच्या शेवटी 3609. नक्षी पूर्ण आहे, एक भेग नाही. हा आकडा कशाचा? पुढच्या शनिवारी जायचा विचार आहे, हवामान चांगलं दाखवतायत.

---

कटलास_काका

छत्तिसावा आठवडा, 2009. नक्षी पूर्ण आहे कारण रबर दगड झालंय, आणि तुझं 2.5 चं 60 फूटही तिथेच आहे.

शनिवारी जाऊ नकोस. ट्रॅकवर नको आणि हायवेवरही नको. शंभर मैल जाऊन शंभर मैल परत आलास ते नशीब समज. भेग वरून दिसतेच असं नाही, आतले पट्टे सुटतात आणि मग वरची नक्षी एकदम सोलून निघते आणि फेंडर फाडून जाते. 14 इंचांत मऊ रबर मिळणं कठीण आहे, तेव्हा मागे 15 ची चाकं शोधायला लाग. माझ्या गॅरेजमध्ये एक जुनी जोडी पडलीय, शेव्हीच्या पाच बोल्टला बसते. निरोप टाक, मापं कळवतो.

---

चार_दहा

15 ची चाकं घेतोच आहेस तर डिफरन्शियल उघडायला काय हरकत आहे?

---

कटलास_काका

नाही.